शुश्रूषा घेणाऱ्याचे हक्क आणि कर्तव्यें



वडील माणसांचा सांभाळ कसा करावा, याविषयीं तरुणांना उपदेश करणारीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. शाळेंत असतांना मीहि तशीं केलीं आहेत. आज मात्र मी खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूनें बोलणार आहें. ज्याची शुश्रूषा घरीं चालते त्याचे हक्क कोणते आणि त्याचीं कर्तव्यें कोणतीं, हा आजचा विषय. तो मी चार महिने अंथरुणावर पडून शिकलों आहें.

दोन वर्षांपूर्वीं जिन्यावरून घसरून माझ्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली आणि आठ दिवसांनीं मला घरीं आणलें. माझी पत्नी पूर्वींच वारली. घरांत मुलगा, सून आणि शाळेंत जाणारी नात. मुलगी लग्न होऊन नाशिकला असते. दिवसा ब्यूरोमार्फत एक मदतनीस बाई येऊं लागल्या. घरांत सर्व त्यांना मावशी म्हणत. रात्रीचें काम घरच्यांकडे राहिलें.

पहिल्याच आठवड्यांत डॉक्टर घरीं तपासावयास आले. ते माझ्या उशाशीं उभे होते, पण विचारीत होते मुलाला: "बाबांना झोप लागते का? शौचाला होतें का?" मुलानें उत्तरें दिलीं, तींहि थोडीं चुकलीं. तेहेतीस वर्षें मीं मुलांना गणित शिकविलें. आतां माझ्या पोटाचा हिशेबहि मला कोणी विचारीना! त्याच दिवशीं दुपारीं अंग पुसतांना दार उघडें राहिलें, आणि शेजारचे गृहस्थ समाचारास म्हणून थेट आंत आले. कोणाच्याहि मनांत कांहीं वाईट नव्हतें. तरी त्या रात्रीं हाडाच्या वेदनेपेक्षां या दोन गोष्टीच मला अधिक सलल्या.

म्हणून पहिला हक्क मी हा मानतों कीं, माणूस समोर असेल तर त्याच्याविषयीं प्रथम त्यालाच विचारावें. अंगाला हात लावण्यापूर्वीं त्याला सांगावें. दार लावावें. औषध कशासाठीं आहे तें त्याला कळूं द्यावें. त्याचें निवृत्तिवेतन त्याच्या संमतीवांचून खर्चूं नये. १९९१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें वृद्धांसाठीं जीं तत्त्वें मान्य केलीं, त्यांचे पांच विभाग आहेत: स्वावलंबन, सहभाग, शुश्रूषा, आत्मविकास आणि प्रतिष्ठा. शुश्रूषा ही त्या पांचांपैकीं केवळ एक आहे. वेळेवर जेवण आणि औषध दिलें, म्हणजे पांच देण्यांपैकीं एकच फेडलें, हें घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें.

उपचार कोठवर करावयाचे हें ठरविण्याचाहि हक्क माणसाला आहे. असाध्य अवस्थेंत केवळ यंत्रांच्या साह्यानें आपलें आयुष्य लांबवूं नये, अशी इच्छा जाणत्या प्रौढ माणसास आधींच लिहून ठेवतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केलें. २०२३ सालीं त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यावा, एवढें पुरतें.

आतां निर्वाहाच्या कायद्याकडे वळूं. २०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत साठ वर्षांचीं व त्यांहून मोठीं माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं व कल्याणासाठीं संसदेनें त्यापूर्वींच, २००७ सालीं, एक कायदा केला होता. ज्यांना स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर निर्वाह करतां येत नाहीं, असे आई-वडील त्या कायद्यान्वयें मुलांकडे निर्वाहखर्च मागूं शकतात. निर्वाह या शब्दांत अन्न, वस्त्र व निवारा यांबरोबर वैद्यकीय शुश्रूषा आणि उपचारहि येतात. न्यायाधिकरणाचा प्रमुख उपविभागीय अधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसतो. नोटीस पोंचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, विशेष कारण असेल तर आणखी तीस दिवस घ्यावे, असें कायदा सांगतो.

घर मुलांच्या नांवें करून देणाऱ्यांनीं त्या कायद्याचें तेविसावें कलम अवश्य वाचावें. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळूं शकते. परंतु तशी अट होती हें दिसून आलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालच्या एका निकालांत सांगितलें आहे. तेव्हां बक्षीसपत्र करतांना भिडेखातर अट वगळूं नये. पोटच्या मुलाशीं कागद कसला करावयाचा, असें आपण म्हणतों. पण स्पष्ट लिहिलेल्या कागदानें प्रेम आटल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. मोघम ठेवलेल्या बोलण्यानें मात्र पुष्कळ घरें दुभंगलेलीं मीं पाहिलीं आहेत.

या कायद्यांतील एका शब्दाकडे मला आपलें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. 'मुलें' या शब्दाच्या व्याख्येंत पुत्र, कन्या, नातू आणि नात यांचीं नांवें आहेत. कन्या विवाहित असली तरी बापाच्या पोटगीची जबाबदारी तिच्यावरहि येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें या कायद्यापूर्वींच, १९८७ सालीं, दिला होता. परंतु त्या व्याख्येंत सुनेचें नांव नाहीं. सून व जांवई यांचीं नांवें घालण्याचें विधेयक २०१९ सालीं लोकसभेंत आलें. त्याचा कायदा झाला नाहीं.

आणि आपल्या घरांत रात्रीं तीन वाजतां उठतें कोण? आमच्या घरीं सून उठत असे. माझ्या उशाशीं देवघरांतली घंटा ठेवलेली होती. प्रारंभीं मी ती खरोखरीच्या नडीला वाजवीत असें. पुढें पुढें पंखा कमी करा, चष्मा द्या, पडदा सरकवा, अशा कारणांसाठींहि ती वाजूं लागली. दिवसभर कोणी बोलत नाहीं, निदान रात्रीं तरी कोणी येऊन उभें राहावें, हेंहि त्यांत होतें. तें आज मी कबूल करतों. सुनेला सकाळीं साडेआठला कचेरींत जावयाचें असे. ती कांहीं बोलली नाहीं. एके दिवशीं मुलगाच म्हणाला, "बाबा, रात्रीं जरुरीपुरतीच घंटा वाजवाल का?"

मला राग आला. मीं ठरविलें, आतां घंटा मुळींच वाजवावयाची नाहीं. तिसऱ्या रात्रीं लघवीसाठीं मी एकटाच वॉकर धरून उठलों आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पडलों. दैव बलवत्तर म्हणून नवें हाड मोडलें नाहीं. पण मनगट मुरगळलें, वॉकर धरतां येईना, आणि चालण्याचा सराव महिनाभर लांबला. सुनेनें मला उठवून बसविलें, पाणी दिलें आणि हलकेच म्हणाली, "बाबा, तुम्ही हांक मारली असती तर मला पांच मिनिटें उठावें लागलें असतें. आतां महिनाभर उठावें लागेल."

मी तोंवर समजत होतों कीं, मीं तिला त्रास दिला नाहीं. वस्तुतः मी रुसलों होतों, आणि रुसव्याला मीं सोशिकपणाचें नांव दिलें होतें. धोका पत्करण्याचा हक्क माझा होता खरा. पण त्याची किंमत दुसऱ्यानें भरली. आणि ज्या व्यक्तीचें नांवहि कायद्यानें घेतलेलें नाहीं, तिच्याकडून मी ती हक्कानें वसूल करीत होतों. मुलाकडे आणि मुलीकडे मला मागतां येईल. सुनेकडे विनंतीच केली पाहिजे, आणि ती नाहीं म्हणाली तर तेंहि मनाला लावून घेतां कामा नये.

तेव्हां शुश्रूषा घेणाऱ्याचीं कर्तव्यें मी अशीं समजतों. आपल्या शरीराविषयीं खरें सांगावें. दुखणें लपवूंहि नये आणि फुगवूंहि नये. नड कोणती आणि लहर कोणती, हें स्वतःशीं ठरवून मगच हांक मारावी. कमोडची खुर्ची, वॉकर, लघवीचें भांडें यांची लाज धरूं नये. त्यांनीं दुसऱ्याची पाठ वांचते. सांगितलेला व्यायाम करावा. एका मुलाची कागाळी दुसऱ्याजवळ करूं नये. वेतन घेऊन काम करणाऱ्या बाईंना बसावयास खुर्ची, जेवणाची ठरलेली वेळ आणि आठवड्याची सुटी मिळते कीं नाहीं, हें आपण स्वतः पाहावें. त्यांची जात विचारूं नये, आणि एखादी वस्तु सांपडली नाहीं तर आधीं आपली उशी झाडून पाहावी.

परंतु येथें एक गैरसमज होऊं देतां कामा नये. हक्क हें कर्तव्याचें वेतन नव्हे. ज्याची स्मृति गेली आहे, ज्याला आपण कोण हेंहि आठवत नाहीं, त्याच्याकडून कोणत्या कर्तव्याची अपेक्षा धरणार? त्याचीं कर्तव्यें संपतात, हक्क मात्र संपत नाहींत. दार त्याच्यासाठींहि लावलेंच पाहिजे. चिडखोर म्हाताऱ्यालाहि औषध वेळेवर मिळालें पाहिजे. आणि जेथें घरांतच मारहाण, उपासमार वा लुबाडणूक होत असेल, तेथें सोसूं नये. ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा दूरध्वनि क्रमांक आहे, त्यावर निःसंकोच सांगावें.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों. एका रविवारीं मुलगी नाशिकहून आली. आम्ही चौघें बसलों आणि नातीच्या वहीचें एक पान घेऊन त्यावर सर्व लिहून काढलें. आठवड्यांतल्या चार रात्रीं मुलानें उठावें, दोन रात्रीं सुनेनें. त्या दोन तिनें आपण होऊन घेतल्या. शनिवारच्या रात्रीं ब्यूरोची दुसरी बाई यावी. ब्यूरोचें निम्में बिल मुलीनें द्यावें, निम्में माझ्या निवृत्तिवेतनांतून जावें. मावशींना रविवारची सुटी द्यावी. रात्रीं अकरापासून पहांटे पांचपर्यंत मीं तीनच कारणांसाठीं घंटा वाजवावी: लघवी, असह्य वेदना आणि चक्कर, मात्र त्या कारणांसाठीं वाजवावीच. डॉक्टर आले कीं पहिलें उत्तर मीं द्यावें. आणि संध्याकाळीं अर्धा तास कोणी तरी माझ्यापाशीं नुसतें बसावें. हें शेवटचें कलम सुनेनें घातलें. मला मागावयाचें तेंच होतें, पण तोंडून निघत नव्हतें.

तें पान अजून माझ्या कपाटाच्या दारावर चिकटविलेलें आहे. मी आतां काठी घेऊन चालतों. पण पुन्हां केव्हां तरी अंथरूण धरावें लागणार, हें मी जाणून आहें. त्या वेळीं नवें पान लिहूं.

ज्या घरांत आज कोणी वडील माणूस अंथरुणाला खिळलेलें असेल, त्या घरच्यांनीं हें भाषण संपल्यावर त्याच्यापाशीं जाऊन एवढेंच विचारावें: "तुम्हांला काय हवें आहे?" आणि अंथरुणावरच्या माझ्या सोबत्यांना माझें सांगणें, जें मी वर्गांत मुलांना सांगत असें: बोट वर करा आणि स्पष्ट बोला, मनांत ठेवलेला प्रश्न कोणालाहि सोडवितां येत नाहीं.