क्वेरी लॉगमध्ये आधार नंबर कशाला?

समजा, बाभुळगावच्या एखाद्या शेतकऱ्याची कर्जमाफीची नोंद आपण आधार नंबर टाकून शोधली. पूर्ण क्वेरी लॉग चालू असेल, तर तो नंबर जसाच्या तसा लॉग फाइलीत जाऊन बसतो. डेटाबेसला कुलूप, आणि फाइल उघडी! २०१८ मध्ये ट्विटरचे पासवर्ड असेच आतल्या लॉगमध्ये सापडले. ३३ कोटी लोकांना 'पासवर्ड बदला' सांगावं लागलं.

शिवाय प्रत्येक क्वेरी डिस्कवर लिहिताना सर्व्हर दमतो, म्हणून मायएसक्यूएलचा जनरल लॉग मुळात बंदच असतो.

पण 'माझी नोंद कोणी पाहिली?' असं त्या शेतकऱ्यानं विचारलं तर? सर्ट-इनचा २०२२ चा आदेशही सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवा म्हणतो. मी तर कोणी, कधी, कोणती नोंद उघडली एवढंच लिहितो. आधारऐवजी आपला साधा नोंद क्रमांक.