जुन्या जमान्याचा अंबाडा, घरच्या घरी

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण, प्रात्यक्षिकासह)



'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस'मधल्या शर्मिला टागोर आठवतात ना? १९६७ सालचा सिनेमा. डोक्यावर उंच फुगवलेले केस! परदेशातही तेव्हा तीच हवा होती. १९६० मध्ये शिकागोच्या मार्गारेट विन्सी हेल्ट यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी 'बीहाइव्ह' केशरचना केली आणि ती जगभर गाजली. आपल्याकडे त्या फुग्याखाली अंबाडा आला, अंबाड्यावर गजरा आला.

रौप्यमहोत्सवाला हीच केशरचना करायची ठरली, तेव्हा काहीजणी म्हणाल्या, "आता केसच उरले नाहीत, कसला अंबाडा घालताय!" आजचं बोलणं खास त्यांच्यासाठी.

केस आदल्या दिवशी धुवा. नुकते धुतलेले केस निसटतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे घ्या. त्यातली वरची पातळ बट बाजूला ठेवा. बाकीच्या बटा उभ्या धरून बारीक कंगवा मुळाकडे तीन-चार वेळाच उलटा फिरवा. जास्त फिरवलात तर केस तुटतात. मग बाजूची बट वरून पसरा, हलकेच विंचरा आणि मागे दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावा. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी, बरं का.

उरलेल्या केसांची मानेजवळ सैलसर पोनी बांधा, पीळ द्या आणि भोवती गुंडाळा. विरळ केस असतील तर गंगावन लावा. तेही नको असेल तर केसांच्या रंगाच्या जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून त्याची चकली वळा, पोनीत घाला आणि वरून केस पसरा. कुणाला कळणारसुद्धा नाही!

आता आकडे. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आकड्यात पकडा, आकडा उलटा वळवा आणि आत, मध्याकडे सरकवा. चार-पाच आकडे पुरतात. अंबाडा टिकतो तो आकड्यांनी, केस ओढून आवळल्याने नव्हे. डोकं ठणकत असेल तर लगेच सैल करा. रोज घट्ट बांधल्याने कपाळाकडचे केस मागे हटतात. डॉक्टर त्याला 'ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया' म्हणतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते केस परत येत नाहीत. लेकीसुनांच्या, नातींच्या वेण्या घालतानाही हे ध्यानात ठेवा.

रात्री तसंच झोपू नका. आधी सगळे आकडे काढा, बोटांना तेल लावून टोकाकडून गुंता सोडवा, कंगवा शेवटी.

आणि हो, मागची बाजू आपली आपल्याला दिसत नाही. त्या दिवशी अर्धा तास आधी शेजारणीचं दार वाजवा. तिने तुमचे आकडे लावावेत, तुम्ही तिचे. केस विरळ झाले म्हणून फोटोत कुणी मागच्या रांगेत उभं राहायचं नाही!