सरासरीत हरवलेले पाडे

(शहापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आरोग्यखात्याची आकडेवारी हा विषय तुम्हाला रुक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु आकडेवारी ही काही नोकरशाहीची मिरास नव्हे. हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये भरते, हे दादाभाई नौरोजींनी 1876 साली दाखवले ते सरकारी आकड्यांच्याच आधारे. सरकारचे दप्तर त्यांनी सरकारवर उलटवले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आरोग्याच्या आकड्यांबाबत तेच करण्याची निकड आहे.

आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका घरोघर फिरून गरोदरपण, जन्म, मृत्यू, ताप, हगवण यांची नोंद करतात. साथींसाठी 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. गावात लक्षणांची, दवाखान्यात संभाव्य रोगाची आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रोगाची, अशी त्यात तिहेरी नोंद होते. कल्पना उत्तमच आहे. एका पाड्यात आठवड्यात हगवणीचे दहा रुग्ण निघाले, तर विहीर तेव्हाच तपासता येते. 2021 पासून ही माहिती संगणकावरून तत्काळ वर जाते. ज्या पाड्यातून ती गेली, तेथे मात्र ती क्वचितच परत येते.

वर गेल्यावर तिचे काय होते ते पाहा. पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 80 लाख. त्यांत आपल्या दोन्ही तालुक्यांची मिळून सुमारे पाच लाख. म्हणजे शेकडा सहा. उर्वरित जिल्ह्यात अर्भकमृत्युदर हजारी 15 आणि आपल्याकडे त्याच्या दुप्पट, 30 आहे असे केवळ उदाहरणादाखल धरा. जिल्ह्याची सरासरी 16 देखील होत नाही! ठाणे-कल्याणच्या गर्दीत आपले दुःख गणिताने बुडते. त्यासाठी कोणी खोटे बोलण्याचीही गरज नाही.

खोटेही लिहिले जाते, हा भाग निराळा. जन्मून तासाभराने गेलेले मूल ‘मृत जन्म’ म्हणून लिहिले, की अर्भकमृत्यूच्या हिशेबातून ते आपोआप गळते. जी सेविका मृत्यू प्रामाणिकपणे लिहील, तिच्याकडेच खुलासा मागितला जाणार असेल, तर तिने काय करावे? 2001 साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालात 13 स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी मांडली. पुढे शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीलाही असंख्य बालमृत्यू दप्तरात नोंदलेच जात नसल्याचे आढळले.

आपल्याकडे याहून मोठी गळती वीटभट्टीवर होते. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कायद्याने मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे व्हायची. भट्टीवर मूल दगावले, तर मालकाला नोंदीची झळ नको असते, तेथील आशेच्या वहीत हे कुटुंब नसते आणि गावच्या वहीत ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा असतो. दोन वह्यांच्या मधल्या फटीत ते मूल नाहीसे होते. तानसा आणि भातसा या आपल्या तालुक्यातल्या तलावांत किती पाणी आहे, हे मुंबई महापालिका रोज टक्क्यांच्या दशांशापर्यंत मोजून जाहीर करते. तेव्हा मोजण्याची विद्या देशात नाही असे कोणी म्हणू नये.

यावरचा मार्ग अगदीच अनोळखी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 2007 मध्ये लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. गावकऱ्यांनीच सेवांना हिरवा, पिवळा वा लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो तक्ता ठेवायचा, अशी ती रीत होती. अक्षर न येणाऱ्या बाईलाही लाल रंग वाचता येतो. माझ्या मते अर्थशास्त्राच्या पुष्कळ कोष्टकांपेक्षा ही युक्ती सरस आहे.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील 77 गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. जन्ममृत्यूची आणि कुपोषणाची गावची संख्या, नावे उघड न करता, प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. दुसरे काम मागण्याचे नाही, आपणच करण्याचे आहे. भट्टीवर निघालेल्या प्रत्येक कुटुंबातील गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांची यादी आपण करायची, तिची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात व दुसरी भट्टी असलेल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यायची, आणि मृगात माणसे परतली की एकेक नाव ताडून पाहायचे. यादी कोजागिरीच्या आतच व्हायला हवी. दिवाळीनंतर पाड्यांवर विचारायला कोणी उरत नाही.