खांद्याची शस्त्रक्रिया आणि पहिली रात्र

‘ब्लॉक’ हा शब्द आपण मुंबईच्या उपनगरांत राहणारीं माणसें दर रविवारीं ऐकतों. माटुंगा ते मुलुंड मार्गावर अमक्या वेळेपासून तमक्या वेळेपर्यंत ब्लॉक, अशी सूचना निघाली कीं लग्नकार्यास निघालेल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. आज मी ज्या ब्लॉकविषयीं बोलणार आहें तो मात्र रुळांवरचा नव्हे, मानेंतला आहे. खांद्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं मानेच्या बाजूस एक सुई टोचून त्या हाताच्या ज्ञानतंतूंचें कार्य कांहीं तासांपुरतें थांबविण्यांत येतें. त्यास डॉक्टरमंडळी ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात.

मी वैद्य नव्हे. प्राथमिक शाळेंत सदतीस वर्षें फळ्यावर अक्षरें गिरवून निवृत्त झालेला मॅट्रिक मास्तर आहें. त्या फळ्यानें म्हणा कीं वयानें म्हणा, माझ्या उजव्या खांद्यांतील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधून ठेवणारी दोरी, फाटली. ती दुर्बिणींतून शिवून घ्यावी लागली, तेव्हां हा विषय मला स्वतःच्या अंगावर शिकावयास मिळाला.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्रण बोटाच्या पेराएवढेही नसतात. पाहणाऱ्यास वाटतें, एवढ्याशा छिद्रांचें तें काय दुखणार! परंतु आंत हाडाला भोंकें पाडून त्यांत दोरे अडकविलेले असतात. हात झोळींत बांधून ठेवला तरी श्वासागणिक छाती हलते आणि छातीबरोबर खांदा हलतो. फार दुखणाऱ्या शस्त्रक्रियांत खांद्याची गणना होते ती उगीच नव्हे.

अशा वेदनेवरचा जुना उपाय म्हणजे अफूचें सत्त्व, मॉर्फीन. येथें आपल्या शहराची एक गंमत सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चीनला जात असे. ज्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून १८४५ सालीं भायखळ्याचें रुग्णालय उभें राहिलें, त्यांची संपत्तीही बरीचशी चीनच्या व्यापारांतली, आणि त्या व्यापारांत अफू होतीच. त्याच शहरांत पुढें १९८५ च्या अमली पदार्थांविषयींच्या कायद्यानें मॉर्फीनभोंवतीं परवान्यांचें असें कुंपण पडलें कीं, अनेक रुग्णालयांना तें ठेवणेंच नकोसें झालें. २०१४ सालीं कायदा सुधारून वाट थोडी सोपी करण्यांत आली. तरी घरीं परतलेल्या रोग्याच्या हातीं तें सहसा पडत नाहीं. आणि त्यानें होणारी मळमळ, मलावरोध व मंदावणारा श्वास पाहतां म्हाताऱ्या माणसाच्या हातीं न पडलेलेंच बरें. म्हणून आपल्याकडे या मानेंतल्या सुईचें महत्त्व अधिक.

ही कल्पना आजची नव्हे. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला, आणि लगोलग न्यूयॉर्कच्या हॉलस्टेड यांनीं तेंच औषध ज्ञानतंतूंपाशीं टोचून पाहिलें. बिचारे स्वतःवर प्रयोग करतां करतां कोकेनच्या व्यसनांत सांपडले. दांत काढतांना आपण ज्याचा अनुभव घेतों तें लिग्नोकेन १९४३ मध्यें स्वीडनमध्यें तयार झालें. खांद्यासाठीं मानेंत नेमकी कोठें सुई घालावी, ही रीत विनी नांवाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञानें १९७० सालीं घालून दिली.

जागा मोठी मार्मिक आहे. हाताला जाणारे ज्ञानतंतु मानेच्या मणक्यांजवळून पांच मुळांच्या रूपानें निघतात, मानेच्या बाजूच्या दोन स्नायूंमधल्या फटींतून खालीं येतात आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागून हातांत शिरतात. त्या फटींत औषध सोडलें कीं काम झालें. ज्ञानतंतूच्या आवरणांत सोडियमच्या कणांना आंत शिरण्यासाठीं सूक्ष्म दारें असतात. तीं उघडलीं कीं संदेशाची लहर पुढें सरकते. औषध तीं दारेंच अडवून बसतें. खांद्याची इजा आहे तेथेंच आहे, तिची वार्ता मात्र मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. मुलुंडला गाडी खोळंबली आहे आणि दादरला कोणास पत्ता नाहीं, असा हा प्रकार.

पूर्वीं हातांत मुंग्या आल्या कीं सुई जागेवर आली असें समजत. पुढें विजेच्या सूक्ष्म झटक्यानें स्नायु हालवून पाहत. आतां सोनोग्राफीच्या पडद्यावर ज्ञानतंतु प्रत्यक्ष दिसतात, त्यामुळें औषध थोडें लागतें. परंतु सोनोग्राफीच गर्भाचें लिंगही दाखविते. त्या दुरुपयोगाविरुद्ध देशांतला पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानेंच केला आणि १९९४ मध्यें तो सर्व देशाला झाला. म्हणून भूलतज्ज्ञाच्या यंत्रालाही नोंदणी लागते. घाटकोपरच्या नर्सिंग होममधलें यंत्र पिशवींत घालून बोरिवलीला नेण्याची मोकळीक नाहीं. एका दिवसांत दोन-तीन ठिकाणीं फिरणाऱ्या भूलतज्ज्ञांस हा जाच वाटतो. त्यांची अडचण मला समजते. तरीही, न जन्मलेल्या मुलींसाठीं झालेला कायदा सैल करा, असें माझ्यानें म्हणवत नाहीं. छोट्या रुग्णालयानें स्वतःचें नोंदलेलें यंत्र ठेवावें.

सुईनंतर कांहींचा आवाज घोगरा होतो, कांहींची त्या बाजूची पापणी उतरते. घरचीं माणसें ‘लकवा तर नाहीं ना’ म्हणून घाबरतात. औषध शेजारच्या ज्ञानतंतूंवर ओघळल्याचें तें चिन्ह असतें, आणि तें औषधाबरोबर ओसरतें. श्वासाची गोष्ट अधिक गंभीर. श्वासपटल हालविणारा ज्ञानतंतु त्याच जागेच्या अगदीं समोरून जातो, त्यामुळें त्या बाजूचें पटल बहुधा कांहीं तास सुस्तावतें. धडधाकट माणसाला याची जाणीवही होत नाहीं. पण ज्याला जुना दमा आहे, ज्याचीं फुप्फुसें विडी-सिगारेटनें पोखरलीं आहेत, त्यानें ही माहिती भूलतज्ज्ञास आवर्जून दिली पाहिजे. त्याच्यासाठीं खांद्याच्या मागच्या बाजूस सुई देण्याची निराळी रीत आहे. क्वचित् हाताच्या मुंग्या कांहीं आठवडे रेंगाळतात. त्याहूनही क्वचित् औषध रक्तांत जाऊन झटके येतात. याच कारणासाठीं हें काम जेथें सर्व साधनें हाताशीं असतात तेथेंच करतात.

आतां त्या रात्रीकडे येतों. माझी सुई सकाळीं दहाला झाली. संध्याकाळीं घरीं आलों तों हात लांकडाच्या ओंडक्यासारखा, दुखण्याचें नांव नाहीं. शेजारीपाजारी पाहून थक्क झाले. मी डाव्या हातानें पिठलें-भात जेवलों. रुग्णालयानें दिलेल्या कागदावर टांके काढण्याची तारीख होती, देयकाचा तपशील होता. ब्लॉक केव्हां उतरेल याची ओळ नव्हती. गोळीसमोर लिहिलें होतें, ‘दुखल्यास घ्यावी’. दुखत नव्हतें, घेतली नाहीं. रात्रीं दोनच्या सुमारास ब्लॉक उतरला. मेगाब्लॉक संपल्यावर पहिल्या गाडीला जी झुंबड उडते, तशी सोळा तास अडून राहिलेली वेदना एकदम आंत घुसली. गोळी घेतली, पण तिचा गुण येईपर्यंत तास लागला. तो तास आमच्या घरच्या मंडळींनीं माझ्या उशाशीं बसून काढला.

पुढें चौकशी केली तेव्हां कळलें, हा अनुभव डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. त्यास त्यांच्यांत नांवही आहे. एका सुईचा परिणाम साधारणतः बारा ते अठरा तास टिकतो, म्हणजे सकाळच्या रोग्यास तो नेमका अपरात्रीं सोडून जातो. त्यावर उपाय एवढाच कीं, हातांत पहिल्या मुंग्या जाणवूं लागण्यापूर्वींच गोळी पोटांत असावी. ‘दुखल्यास’ या एका शब्दाऐवजीं ‘झोपण्यापूर्वीं, दुखो वा न दुखो’ एवढें लिहिलें असतें तर! कोणती गोळी, किती, हें मूत्रपिंड व पोट पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाचें. वेळ मात्र आपण आदल्या दिवशीं विचारून घ्यावी. आपल्या उपनगरांतल्या लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञाची व आपली भेट पुष्कळदां टेबलावर निजल्यावरच होते. तेव्हां त्यांचें बोलणें आधीं करवून द्या, असा आग्रह धरण्यास संकोच नको. मोठ्या रुग्णालयांत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडण्याचीही सोय असते, तेंही विचारावें.

बधिर हाताला चटका कळत नाहीं, म्हणून गरम पाण्याची पिशवी दूर ठेवावी. कोपर खाटेच्या कांठावर दाबलें जाऊं देऊं नये. आडवें निजण्यापेक्षां आरामखुर्चींत किंवा उशांच्या उतरंडीवर पडावें. दम लागला, बोटें निळसर पडलीं, किंवा दुसऱ्या दिवशीं रात्रीं उशिरापर्यंत हातांत जीव आला नाहीं, तर सकाळची वाट न पाहतां फोन करावा. अपरात्रीं फोन कोण उचलील त्याचा क्रमांक घरीं निघतांनाच कागदावर मागून घ्यावा, आणि रोगी आजी असेल तर तो सुनेजवळ किंवा नातवाजवळ द्यावा. ‘एवढ्यासाठीं कशाला कोणाला उठवायचें’ म्हणून त्या स्वतः कधींच फोन करणार नाहींत.