जमिनीच्या व्यवहारातील दलाल, वकील आणि नोटरी

गोमंतकात घर किंवा भूखंड घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाची गाठ तीन जाणकारांशी पडते. तिघांजवळही सनद वा नोंदणी असते; परंतु एकाच्या अधिकाराने दुसऱ्याचे काम होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

दलालाचेच पाहावे. स्थावर संपदा अधिनियम, 2016 अन्वये नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकून देणाऱ्या दलालास प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती न केल्यास दिवसाला 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र ही नोंदणी म्हणजे विक्रेत्याच्या मालकीची हमी नव्हे. शिवाय एखाद्याचे वडिलार्जित घर विकले जात असेल, तर तेथे ही नोंदणी सक्तीची नाही. दलाल बहुधा शेजारचाच कोणी असतो.

मालकीचा तपास हे वकिलाचे काम. एक-चौदाच्या उताऱ्यावर एकच नाव दिसले, तरी गोव्याच्या कुटुंबकायद्यानुसार विवाहितास पती वा पत्नीच्या संमतीवाचून स्थावर मिळकत सर्वसाधारणपणे विकता येत नाही. वारसांची वाटणी झाली आहे काय, हेही पाहावे लागते. भातशेती असेल, तर 2023 च्या अधिनियमाने काही अपवाद वगळता शेतकरी नसलेल्यास ती देण्यास मनाई केली आहे.

नोटरी सही कोणाची, एवढेच साक्षांकित करतो. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीचे खरेदीखत उपनिबंधकापुढे नोंदलेच पाहिजे. केवळ नोटरीच्या शिक्क्यावर भिस्त ठेवून पूर्ण रक्कम मोजणाऱ्याच्या हाती कागद राहतो, मालकी विक्रेत्याचीच राहते.