कॅमेरा अडला, तरी पाठ अडू नये



अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातील जाणता शेतकरी वेल मलूल दिसताच उपटून टाकीत नाही. मुळाशी पाणी साचले आहे काय, पानांवर रोग पडला आहे काय, हे तो क्रमाने पाहतो. वर्गात मोबाइलचा कॅमेरा अडला असता शिक्षकानेही हाच क्रम अंगीकारावा.

‘दीक्षा’ या डिजिटल मंचाचा राष्ट्रीय पातळीवरील आरंभ ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाला. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड कॅमेऱ्याने टिपला असता पाठाचे पूरक साहित्य पडद्यावर येते, हे सर्वविदित आहे. परंतु मुले उत्सुकतेने पाहत असताना पडदा काळाच राहावा आणि शिक्षकाने ओशाळावे, असेही प्रसंग येतात. अशा वेळी दोष तीन ठिकाणी शोधावा.

पहिले ठिकाण परवानगीचे. कॅमेरा वापरण्याची संमती अ‍ॅप विचारते, तेव्हा घाईने नकार दिला गेला असल्यास सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा देता येते. संमती असूनही चित्र उमटत नसेल, तर कॅमेरा वापरणारी इतर अ‍ॅप्स बंद करावीत. त्यानेही न भागल्यास फोन बंद करून पुन्हा सुरू करावा.

दुसरे ठिकाण भिंगाचे व पानाचे. भिंगावरील धूळ मऊ फडक्याने पुसावी, पान सपाट धरावे, उन्हाची तिरीप टाळावी. १९९४ साली जपानमध्ये निर्माण झालेल्या या कोडात थोडा भाग मळला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळविण्याची सोय आहे. मात्र तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन फाटले वा झाकले गेले, तर कोड ओळखणेच कठीण होते. ते चौकोन रंगवू नयेत, हे मुलांना समजावून सांगावे.

तिसरे ठिकाण इंटरनेटचे. कोड वाचला गेला, पण साहित्य आले नाही, तर कॅमेरा निर्दोष समजावा. असे साहित्य आदल्या दिवशीच उतरवून ठेवणे इष्ट होय.

कॅमेरा निकामीच असेल, तर कोडाखाली छापलेली सहा अक्षरे अ‍ॅपमध्ये भरावीत. तेच साहित्य उघडते. दोन प्रयत्न फसले, की शिक्षकाने निःसंकोच फळ्याकडे वळावे.

शेवटी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. एखाद्या मुलाच्या घरी एकच जुना फोन असतो, त्याचीही काच तडकलेली. “गुरुजी, कोड लागला नाही,” हे त्याचे उत्तर सबब मानून त्याला वर्गात उभे करणे अन्यायाचे होय. त्याच्या वहीत ती सहा अक्षरे लिहून द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी आवर्जून विचारावे.