उजवा मोठा, डावा बारीक



टेबलावरची कवटी पाहून पहिल्या रांगेतली मुलं मागच्या रांगेत गेली, हे मी पाहिलं. गेली तर गेली. पण तिच्या आत काय आहे ते तुम्हाला दाखवायचं आहे. हिचा वरचा भाग करवतीने कापून वेगळा केलेला आहे. मागच्या हाडाच्या आतल्या अंगाला अंगठा फिरवला की मधोमध वरून खाली येणारी एक उथळ पन्हळ लागते. एका उंचवट्यापाशी येऊन ती वळते. या कवटीत ती उजवीकडे वळली आहे. उजवीकडे चांगली रुंद पन्हळ आहे, कानाच्या मागे जाते, तिथे नागमोडी होते आणि खाली एका मोठ्या छिद्रात उतरते. आता डावीकडे बोट फिरवा. पन्हळ आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. इकडचं छिद्रही उजवीकडच्यापेक्षा लहान. या माणसाला हयातीत त्याचा पत्ताही लागला नसेल.

ही पन्हळ म्हणजे मेंदूतून परत जाणाऱ्या रक्ताच्या वाटेचा हाडावर उमटलेला ठसा. आपल्याला मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या ठाऊक असतात. अर्धांगवायू झाला, की धमनीत गुठळी झाली असं घरोघरी सांगतात. परतीच्या वाटेची चौकशी कोणी करत नाही. मेंदूचं वजन साधारण 1400 ग्रॅम, म्हणजे अंगाच्या वजनाच्या 2 टक्के. पण हृदयातून निघालेल्या रक्तातला सुमारे 15 टक्के वाटा तो घेतो. मिनिटाला पाऊण लिटर. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर यायलाच हवं, कारण कवटी काही फुगत नाही.

हे रक्त ज्या वाटांनी बाहेर पडतं त्यांना शिरानाल म्हणतात. इंग्रजी नाव सायनस. नाकाच्या सायनसशी त्यांचा काही संबंध नाही. मेंदूवर जे जाड आवरण असतं त्याचे दोन पदर काही ठिकाणी एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये नळी तयार होते. तिला स्नायूची भिंत नाही, आत झडप नाही. मधला वरचा शिरानाल कपाळापासून मागे येतो. खोलातलं रक्त घेऊन सरळ शिरानाल येतो. दोघे डोक्याच्या मागे जिथे भेटतात त्या संगमाला अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसचं नाव आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासचा हा वैद्य, माणसाचं शरीर उघडून पाहणाऱ्या पहिल्यांपैकी एक. तिथून दोन आडवे शिरानाल निघतात, एक उजवा, एक डावा, आणि कानामागून मानेतल्या मोठ्या शिरेला जाऊन मिळतात.

पुस्तकातल्या चित्रात हे दोघे जुळे भाऊ वाटतात. टेबलावर तसं क्वचितच दिसतं. निम्म्याहून जास्त माणसांत उजवा मोठा असतो. मधल्या वरच्या शिरानालाचं बरंचसं रक्त उजवीकडे जातं, सरळ शिरानालाचं डावीकडे. कधी संगम नीट होतच नाही, दोन्ही प्रवाह आपापल्या दिशेने निघून जातात. कधी डाव्याचा एक तुकडाच नसतो. एक कारण छातीत आहे: मानेतली उजवी शीर हृदयाकडे जवळजवळ सरळ उतरते, डावीला छाती आडवी ओलांडून जावं लागतं. गर्भात डोक्यातल्या शिरांचं जाळं अनेकदा मोडतं आणि पुन्हा जुळतं. जिथून रक्त सोपेपणी जातं ती वाट रुंदावते, दुसरी आक्रसते. लहान मुलांत आणखी एक शिरानाल मागच्या बाजूने खाली उतरताना सापडतो. मोठेपणी तो बहुधा बुजतो, पण काहींत राहतो, आणि डोक्याच्या मागच्या भागाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो आधी ठाऊक नसला तर आवरण उघडताक्षणी रक्ताचा लोंढा येतो.

1947 साली सुरू झालेल्या नागपूरच्या आपल्या मेडिकल कॉलेजमध्ये मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं. परीक्षेत मुलं चित्र काढायची ते पुस्तकातलं, दोन्ही बाजू सारख्या. मी गुण द्यायचो. देहदान केलेल्या माणसांनी मला पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं, एवढं मात्र इथे सांगायला हवं.

डावा बारीक असला तर बिघडतं काय? बहुतेकांचं काहीच नाही. गेल्या तीसेक वर्षांत मात्र गंमत अशी झाली की जिवंत माणसाच्या डोक्यातले शिरानाल एमआरआयवर दिसायला लागले, आणि जे पूर्वी शवविच्छेदनाच्या खोलीतच राहायचं ते रिपोर्टवर आलं. "डावा आडवा शिरानाल दिसत नाही." झालं. घरचे लोक रात्रभर मोबाईलवर शोधत बसतात आणि सकाळी चेहरे उतरलेले.

हे चित्र कसं निघतं ते समजून घ्या. शिरांच्या एमआरआयची जी नेहमीची पद्धत आहे, जिच्यात औषध टोचावं लागत नाही, ती रक्त दाखवत नाही, रक्ताची चाल दाखवते. वेगाने जाणारं रक्त पांढरं उमटतं. संथ जाणारं, किंवा छेद ज्या पातळीत घेतला त्याच पातळीतून आडवं वाहणारं, फिकं पडतं किंवा दिसतच नाही. आडवा शिरानाल नावाप्रमाणे आडवा. त्यातून तो बारीक असला की मध्येच तुटल्यासारखा दिसतो. 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा एमआरआय अगदी चांगला होता अशा 100 जणांच्या शिरांची चित्रं पाहिली, तर 31 जणांत आडव्या शिरानालात अशी तूट दिसली. मोठ्या बाजूच्या शिरानालात एकातही नाही. आता प्रत्येक तुटीला गुठळी म्हणून सहा-सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या, तर निरोगी माणसाच्या पोटात किंवा डोक्यात रक्तस्राव घडवायची जबाबदारी आपली.

पण याची दुसरी बाजू मला जास्त भिववते. "असतो हो कित्येकांचा डावा बारीक," असं म्हणून खरी गुठळी सोडून देणं.

आपल्याकडच्या बाळंतिणीचं पाहा. सव्वा महिना बंद खोली, खाटेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, आणि पाणी मोजून, कारण "पाणी जास्त दिलं तर पोट सुटतं." बाहेर नवतपाचं ऊन. बाळंतपणाच्या काळात बाईचं रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं. प्रसूतीतला रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गाने केलेली ती सोय. त्यात अंगातलं पाणी कमी, बऱ्याच जणींत रक्त कमी, आणि आपल्या विदर्भात काहींना सिकलसेल. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं तेव्हापासून हा आजार आपल्या भागाच्या खात्यावर आहे. एवढं सगळं जमलं की झडप नसलेल्या, स्नायू नसलेल्या त्या नळीत गुठळी धरायला वेळ लागत नाही. मोरी तुंबली की पाणी घरात पसरतं, तसं मागे साचलेलं रक्त मेंदूत दाटतं, सूज येते, कधी बारीक शिरा फुटतात. फ्रान्समध्ये रीब याने शिरानालातल्या गुठळीचं पहिलं वर्णन 1825 साली केलं, कर्करोगाच्या एका रुग्णाचं. तीनच वर्षांनी अ‍ॅबरक्रॉम्बीने बाळंतिणीचं वर्णन केलं. म्हणजे हा काही आजचा आजार नाही.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा डोकेदुखी. इथेच घोटाळा होतो. सिझेरियनला पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असते, त्यानंतरही काहींचं डोकं दुखतं. ती डोकेदुखी उठून बसलं की वाढते, आडवं झालं की थांबते. दिवसागणिक वाढत जाणारं, आडवं झाल्यावर जास्त ठणकणारं, पहाटे जागं करणारं डोकं असेल, सोबत उलटी, धूसर दिसणं, एखाद्या हाताचा झटका, तर "भुलीचं आहे, जाईल" म्हणून घरी ठेवू नका. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, दाईने सांगितलं, तरी नाही. आणि पाणी द्या. पोट सुटलं तर पुढचं पुढे बघू.

उपचार ऐकून लोक दचकतात. मेंदूत रक्त सांडलेलं दिसत असतानाही रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतात. सांडणं हे तुंबण्याचं फळ. तुंबणं सोडवल्याशिवाय ते थांबत नाही. 1991 साली जर्मनीत आइनहॉय्प्ल आणि सहकाऱ्यांनी अवघ्या 20 रुग्णांवर चाचणी केली. हेपॅरिन दिलेल्या 10 पैकी 8 पूर्ण बरे झाले, कोणी दगावलं नाही. न दिलेल्या 10 पैकी एकच पूर्ण बरा झाला, 3 दगावले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. एवढ्या लहान चाचणीने एवढी मोठी भीती मोडल्याची उदाहरणं वैद्यकात थोडीच आहेत.

मग बारीक कोणता आणि बुजलेला कोणता, हे ओळखायचं कसं? पुन्हा हाडाकडे या. जन्मतः बारीक असलेल्या शिरानालाची पन्हळही उथळ असते, कवटीच्या तळाचं छिद्रही लहान. साध्या सीटी स्कॅनवर ते दिसतं. हाडात पन्हळ रुंद आहे आणि रक्त मात्र दिसत नाही, तर नळी एके काळी मोठी होती आणि आता बंद पडली आहे, असा संशय घ्यायचा. औषध टोचून काढलेल्या सीटीत बारीक शिरानालही भरलेला दिसतो. गुठळी ओळखणाऱ्या एमआरआयच्या वेगळ्या पद्धती आहेत. तरीही फसगत होते: पाकिओनीने 1705 साली वर्णन केलेले मेंदूच्या आवरणाचे छोटे गोल कोंब शिरानालात शिरलेले असतात, ते गुठळीसारखेच दिसतात. म्हणून फिल्म पाहणाऱ्याला रुग्णाची हकीकत ठाऊक हवी. नुसता "एमआरआय ब्रेन" असं लिहिलेला कागद त्याच्याकडे धाडू नये. बाळंतपणाला किती दिवस झाले एवढं तरी त्यावर लिहावं.

कानाच्या डॉक्टरांना शिरानालातली गुठळी एमआरआयच्या फार आधी ठाऊक होती. कान वाहतो, पू हाडात जातो, मागच्या शिरानालात गुठळी होते. ती ओळखायला 1925 साली टोबी आणि एयर यांनी युक्ती काढली: पाठीतल्या पाण्याचा दाब मोजत मानेतली एकेका बाजूची शीर दाबायची. ज्या बाजूला दाब वाढत नाही, तिकडे वाट बंद. युक्ती छान, पण ज्याचा डावा जन्मतःच बारीक त्याच्यात डावी शीर दाबली तरी दाब वाढत नाही, आणि चांगल्या कानाला आजारी ठरवलं जातं.

शेवटी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याविषयी. हसू नका; सभागृहाच्या बाहेरच्या ठेल्यावर सुपारी घोटण्याचा आवाज मघापासून येतो आहे. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो, तो मानेच्या गाठींत उतरतो, आणि मग मानेची शस्त्रक्रिया करावी लागते. क्राइलने 1906 साली सांगितलेल्या मूळ पद्धतीत गाठींबरोबर मानेतली मोठी शीरही काढत. आता शक्य तिथे ती वाचवतात, पण गाठ शिरेला चिकटली असेल तर काढावीच लागते. बहुतेकांना एका बाजूची गेलेली शीर सोसते. उभं असताना तर मेंदूचं रक्त मणक्याभोवतीच्या शिरांतूनच जास्त उतरतं. पण गाठ उजवीकडे, उजवा शिरानाल मोठा आणि डावा जवळजवळ नाहीच, अशा माणसाचं काय? चेहरा सुजतो, डोकं ठणकतं, डोळ्यांच्या मागे सूज येते. शस्त्रक्रियेआधी अशा रुग्णाचा मानेचा सीटी बहुधा झालेलाच असतो. तोच फिल्मबॉक्सवर थोडा वर सरकवायचा आणि कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंची छिद्रं शेजारी शेजारी पाहायची. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, वेगळा खर्च नाही.